साप उबवणारी पेटी

वैशाख सरत आला की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला उकिरड्याची आठवण होते. वर्षभर कुजलेले शेणखत मृगापूर्वी शेतात पडायला हवे. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव लागते. त्या गावात आणि भोवतालच्या कपाशीच्या मुलखात हे दिवस मोठ्या घाईचे. (धामणगावाला ते नाव धामण सापावरून मिळाले की धामण नावाच्या झाडावरून, हा वाद तिकडच्या मंडळींनी खुशाल घालावा.) त्या घाईत फावड्याखाली कधी एखादी अनपेक्षित ठेव निघते. कोंबडीच्या अंड्याहून लहान, लांबट, पांढरी अशी दहा-पंधरा अंडी, एकमेकांना घट्ट चिकटलेली. बोटाने हळूच दाबली तर टरफल तडकत नाही, ओल्या चामड्यासारखे दबते.

"कायचे अंडे व्हय जी हे?" कोणीतरी विचारतो. विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक असतेच. मग दोनच गोष्टी संभवतात. एक तर फावड्याचा दुसरा घाव, नाहीतर गावातल्या सर्पमित्राला फोन. पूर्वी पहिली गोष्ट ठरलेली असे. अलीकडे दुसरीही घडू लागली आहे, आणि विदर्भातल्या कितीतरी सर्पमित्रांच्या घरी पावसाळ्याच्या तोंडाला झाकण लावलेला एक डबा येऊन बसतो. त्या डब्याची, म्हणजे सापाची अंडी उबवणाऱ्या घरगुती पेटीची, ही हकीकत आहे.

आधी हे सांगायला हवे की सगळेच साप अंडी घालत नाहीत. घोणस, जिला वऱ्हाडात परड म्हणतात, ती थेट पिल्लांनाच जन्म देते. फुरसे आणि मांडूळ यांचीही तीच रीत. अंडी घालणारे म्हणजे नाग, मण्यार, धामण, अजगर आणि पाण्याच्या कडेने राहणारी दिवड, जिला इकडे धोंड्या म्हणतात. बेंबळा नदीवरचे धरण बाभुळगाव तालुक्यातच असल्याने धोंड्याला तिथे पाण्याची ददात नाही. मात्र नुसते अंडे पाहून ते नागाचे की धामणीचे हे छातीठोकपणे सांगणे जाणत्यालाही जड जाते. नागीण पुष्कळदा अंड्यांपाशी पहारा करते, म्हणून अंडी दिसल्याबरोबर हात घालणे हा शहाणपणा नव्हे. आई तिथेच वेटोळे घालून असेल तर ओळख पटवायला दुसरा पुरावा लागत नाही!

आता एक विचित्र वाटेल असे विधान करतो. उत्तम पेटी ती, जी वापरावीच लागत नाही. सापाने निवडलेली जागा सहसा चांगलीच असते. धुऱ्यावरचे उंदराचे बीळ, वारूळ, पालापाचोळ्याचा किंवा शेणखताचा ढीग, या सर्वांत एक गुण समान आहे. वर ऊन कितीही तळपो आणि रात्र कितीही निवो, आत फारसा फरक पडत नाही. जमिनीत फूटभर खाली गेले की दिवस-रात्रीच्या तापमानातला चढउतार जवळजवळ संपतो. ओल टिकते, वारा लागत नाही. शिवाय कुजणाऱ्या ढिगाला स्वतःची ऊब असते. इंग्लंडातला एक गवताळ साप तर थंडीच्या त्या देशात मुद्दाम शेणखताचे ढीग शोधून तिथेच अंडी घालतो. म्हणून ढिगाचा तेवढा कोपरा दोन महिने तसाच सोडता येत असेल तर माती पुन्हा हलकेच लोटून द्यावी आणि आपल्या कामाला लागावे. डबा काढायचा तो निरुपाय झाल्यावरच. खत नेणे भाग आहे, किंवा तिथे घराचा पाया खणायचा आहे, किंवा अंडी ऐन गोठ्यातच निघाली आहेत, असे झाले तर.

कायद्याचेही म्हणणे ऐकून ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली, तीत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा त्यांना उपद्रव देणे हेही धरले आहे. तेव्हा फावड्याचा दुसरा घाव हा कायद्याच्या भाषेत शिकारीचाच प्रकार. हौस म्हणून अंडी घरी आणून ठेवणे हेही तितकेच गैर. सर्पमित्र डबा ठेवतो तो वनखात्याला कळवून. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी लक्षात ठेवायला सोपा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ही हकीकत वाचून पोराबाळांसह अंडी शोधायला निघू नये, एवढीच विनंती.

त्यांच्यासाठी घरातच सोय आहे. दिवाळीची झाडलोट करताना तसबिरीच्या मागे किंवा कपाटाच्या फटीत पांढऱ्या मण्यांसारखी दोन गोल अंडी सापडतात ना? ती पालीची. पालीच्या अंड्याचे टरफल पक्ष्याच्या अंड्यासारखे कडक असते, म्हणून ते कोरड्या भिंतीवरही तग धरते. तसबीर परत जागेवर लावा आणि अधूनमधून डोकावत राहा. मुलांना यापेक्षा स्वस्त प्राणिशास्त्र मिळायचे नाही.

सापाच्या अंड्याची गोष्ट निराळी. त्याचे टरफल मऊ आणि सच्छिद्र. ते भोवतालच्या ओलीतून पाणी पिते आणि दिवसागणिक फुगते. ओल कमी पडली तर अंड्याला खळगा पडतो, जास्त झाली तर त्याला हवा मिळत नाही. बुरशी येते ती वेगळीच. दुसरा भेद याहून महत्त्वाचा. कोंबडी आपली अंडी चोचीने सारखी उलथीपालथी करते, आणि कोंबड्यांच्या उबवणी यंत्रातही ती फिरवावीच लागतात. सापाचे अंडे मात्र फिरवायचे नसते. त्यात गर्भ लवकरच टरफलाच्या आतल्या बाजूला वरच्या अंगाने चिकटतो. अंडे उलटले तर तो वरच्या बलकाखाली सापडून मरण्याची भीती. म्हणून ढिगातून अंडे उचलण्यापूर्वी त्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने एक खूण करतात, आणि ती खूण शेवटपर्यंत आकाशाकडेच राहील असे बघतात. चिकटलेला घोस सोडवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. आहे तसाच, ज्या बाजूने होता त्याच बाजूने, डब्यात उतरवतात. कोंबड्या पाळून हात बसलेल्या माणसाला हे शिकवणे सर्वांत कठीण, कारण त्याची बोटे अंडे फिरवण्यासाठी शिवशिवत असतात.

आता पेटी. तिला काहीही अवघड लागत नाही. औषधाच्या दुकानातून मिळणारा थर्माकोलचा जाड खोका घ्यावा. तळाशी दोन विटा ठेवून त्या जेमतेम बुडतील इतके पाणी ओतावे. पाण्यात माशांच्या टाकीत वापरतात तो छोटा विजेचा हीटर सोडावा. हा हीटर ठरल्या उष्णतेला आपोआप बंद होतो आणि पाणी निवले की पुन्हा सुरू होतो. विटांवर अंड्यांचा प्लॅस्टिकचा डबा ठेवावा. त्याला झाकण, झाकणाला दोन-तीन बारीक भोके, आणि आत दोन-तीन बोटे जाडीचा थर. थर कशाचा? रोपवाटिकेत मिळणारा व्हर्मिक्युलाइट किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा. दोन्ही न मिळाल्यास धुतलेली जाड वाळू. ओल किती असावी याची परीक्षा स्वयंपाकघरातलीच. मूठभर भुसा घट्ट पिळावा; मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण पिळताना बोटांतून थेंब गळता कामा नये. या थरात अंडे निम्मे रुतवून ठेवायचे. खोक्याचे झाकण किंचित कलते असावे, म्हणजे वाफेचे थेंब अंड्यांवर न पडता कडेने ओघळतात. उष्णतामापकाचे टोक अंड्यांच्या शेजारी ठेवावे, झाकणाजवळ नव्हे. काटा २८ ते ३० अंशांच्या दरम्यान राहिला म्हणजे झाले.

हीटर हवेत न टांगता पाण्यात का सोडायचा? कारण पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. दिवा लावून तापवलेली हवा वीज जाताच थंड होते, पण घागरभर कोमट पाणी काही तास तरी दम धरते. आणि आपोआप चालू-बंद होण्याची ती युक्ती? तिचा जन्मच अंड्यांसाठी झाला! सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या हॉलंडच्या कल्पक माणसाने कोंबडीची अंडी उबवायला स्वतःची आच स्वतः सांभाळणारी भट्टी बनवली. आज इस्त्रीत आणि शीतकपाटात जो थर्मोस्टॅट बसतो, त्याचे हे मूळपुरुष.

इथवर सगळे परदेशी पुस्तकाबरहुकूम झाले. पण ती पुस्तके थंड देशांत लिहिलेली. तिथल्या माणसाला एकच चिंता, अंडी गरम कशी ठेवावी? बाभुळगावच्या माणसाची चिंता नेमकी उलटी आहे. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४३-४४ च्या घरात जातो. पत्र्याच्या छपराखाली तर विचारूच नका. सापाच्या अंड्याला सतत ३४-३५ अंशही सोसवत नाहीत. आतला जीव एक तर मरतो, नाहीतर वेळेआधी, दुबळा आणि कण्यात बाक असलेला बाहेर येतो. तेव्हा वऱ्हाडात उन्हाळ्यातली पेटी म्हणजे अंडी उबवण्याचे नव्हे, गार ठेवण्याचे साधन!

त्याला यंत्र लागत नाही. एक मोठी मातीची कुंडी, तीत वाळू, वाळूच्या मधोमध एक माठ. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपायचे आणि अंड्यांचा झाकलेला डबा माठात ठेवून वर ओले गोणपाट टाकायचे. मातीच्या अंगातून पाणी झिरपते, वाफ होऊन उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. घरोघरचा माठ आणि विदर्भातल्या प्रत्येक खिडकीत घरघरणारा कूलर यांचे तत्त्व हेच. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने याच 'मडक्यात मडके' युक्तीने खेड्यापाड्यांतली भाजी टिकवून दाखवली आणि जगभर नाव मिळवले. आपल्या आज्यांना हे ऐकून हसू आले असते. गंमत अशी की ही युक्ती कोरड्या हवेतच चालते. पाऊस लागला की माठ थंड करीनासा होतो. पण पाऊस लागला की गरजही उरत नाही, कारण बाभुळगावातल्या साध्या खोलीतली पावसाळी हवाच अंड्यांना बहुतेक मानवते. रात्री फारच गारठले तर हीटर आहेच. हा अदलाबदलीचा काळ, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा, सर्वांत नाजूक. आज ४२ अंश, उद्या वळवाची सर आणि परवा पुन्हा उकाडा. तेवढे दिवस काट्यावर नजर ठेवणाऱ्याला झोप कमीच मिळते.

एका-दोन अंशांसाठी एवढा जीव का टाकायचा, असे वाटेल. त्याला उत्तर मगरींनी दिले आहे. १९६६ साली आफ्रिकेत डकार येथे मादलेन शार्निए या बाईंनी सरड्याची अंडी वेगवेगळ्या उष्णतेला उबवली, आणि नर की मादी हे त्या उष्णतेवर ठरते असे त्यांना आढळले. पुढे कासवांत आणि मगरींतही तेच दिसले. आपल्याकडे १९७५ मध्ये सुसरी-मगरी वाचवण्याची सरकारी योजना निघाली. नदीकाठची अंडी गोळा करून ती सुरक्षित जागी उबवायची आणि पिल्ले वाढवून पुन्हा नदीत सोडायची, हा तिचा गाभा. रॉम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये मद्रासजवळ मगरींची 'पेढी' काढली. तिथे झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मगरीची अंडी ३१ अंशांपर्यंत कायम ठेवली तर साऱ्या मुलीच, ३२.५ ला ठेवली तर मुलगे! दीड अंशात घराण्याचा नूर पालटतो. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून 'सह्याद्री निसर्गमित्र'ची मंडळी समुद्री कासवांची घरटी कुंपणात हलवून राखतात. तिथेही वाळू ऊबदार तर माद्या जास्त, गार तर नर जास्त. घरटे हलवायचे ते अंडी पडल्यावर लौकरात लौकर आणि अंडे न उलटता, हा नियमही आपल्या उकिरड्यावरच्या नियमाचाच भाऊ.

सापांत नर-मादी हे आईबापांकडूनच ठरून येते, पेटीचा काटा त्यात ढवळाढवळ करू शकत नाही. पण त्या काट्याचे मोल साप स्वतः जाणतो, याचा पुरावा अजगरीण देते. हिंदुस्थानात हिंडून गेलेल्या लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने १८३२ च्या सुमारास पॅरिसच्या विद्वानांना सांगितले की तिकडची अजगरीण अंड्यांना वेटोळे घालून त्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब देणार कुठून, म्हणून विद्वानांनी ते उडवून लावले. १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगरिणीने अंडी घातली. तिच्या वेटोळ्यात उष्णतामापक सरकवून पाहिला, तो आतली उष्णता बाहेरच्या हवेहून बरीच जास्त! ती अंग आखडून एकसारखे झटके देते आणि त्या कष्टांतून ऊब काढते, हे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मोजमापांनी १९६६ मध्ये पक्के केले. प्रवाशाचे म्हणणे खरे होते, फक्त त्याला बोलावून तसे सांगणारे कोणी निघाले की नाही कोण जाणे.

डबा घरात आल्यावरचे दोन महिने म्हणजे संयमाची परीक्षा, आणि ती एकट्या सर्पमित्राची नव्हे. "थो डबा सैपाकघरात नोका आणू," हे घरच्या बाईचे पहिले वाक्य, आणि ते अगदी रास्त आहे. डबा कुलूप लागेल अशा खोलीत, मुलांच्या आणि मांजराच्या हाती न लागेल असा ठेवायचा. अंडी नागाची किंवा मण्यारीची असण्याचा संभव असेल तर खोक्याचे झाकण पट्टीने बंद झालेच पाहिजे, कारण पिल्लू टरफलातून येते तेच विष घेऊन. मुंग्या अडवायला मेजाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा द्यायची आणि पिवळे पडून खचलेले अंडे सुटे असेल तर काढून टाकायचे. अंधारात विजेरीचा झोत लावला की जिवंत अंड्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते. ते एकदा पाहिले की आधी कुरकुर करणारी घरची माणसेच रोज संध्याकाळी विचारू लागतात, आज काय म्हणतात अंडी?

धामण आणि नाग, दोघांचीही अंडी साधारण साठ दिवस घेतात. मेअखेरीस सापडलेल्या अंड्यांची पिल्ले म्हणून नेमकी श्रावणाच्या आगेमागे बाहेर पडतात. नागपंचमीची कहाणी आठवा. शेतकऱ्याचा नांगर वारुळाला लागतो आणि नागिणीची पिल्ले मरतात. त्या दिवशी नांगर धरू नये, खणू नये, चिरू नये, हा नियम कोणी घातला ते कळायला मार्ग नाही. पण ज्याने घातला त्याला श्रावणात जमिनीखाली काय असते हे ठाऊक असले पाहिजे, असे मला वाटते.

बाहेर येण्याआधी अंडे थोडे सुरकुतते. मग टरफलावर वस्तऱ्याने मारल्यासारखी एक चीर पडते. पिल्लाच्या नाकाच्या टोकाशी त्यापुरता एक चिमुकला दात असतो, तो पुढे गळून जातो. चिरेतून डोके बाहेर येते, जीभ लवलवते, आणि मग सगळे थांबते. पिल्लू तसेच डोके काढून कधी कधी दिवसभर बसून राहते. उरलेला बलक पोटात ओढून घेणे चालू असते. इथे मदतीच्या भावनेने टरफल फाडणारा माणूस पिल्लाचा घात करतो. ते निघेल तेव्हाच निघेल. नागाचे असेल तर वीत-दीड वीत लांबीचा तो जीव बाहेर पडताच फणा काढून दाखवतो, आणि कुलपाचा आग्रह धरणाऱ्या घरच्या बाईचे म्हणणे सर्वांना पटते.

यानंतरचा प्रश्न पेटीपेक्षा अवघड आहे. सोडायची कुठे? धामणीविषयी मतभेद नसावा. उंदरांवर तिचे पोट चालते, आणि उंदराने दाणा खाल्लेला शेतकरी तिला परत घ्यायला सहसा नाखूश नसतो. तीच गोष्ट धोंड्याची. त्याला पाणी आणि बेडूक मिळाले की तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. नागाचे तसे नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. कपाशीत अनवाणी वाकून काम करणाऱ्या मजुराला 'नाग शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य शहरातल्या सभेइतके सहज पटणार नाही, आणि ते न पटल्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून नागाची पिल्ले गावाच्या शिवारात नव्हे, तर वनरक्षकाच्या देखत वस्तीपासून दूर, त्याच जिल्ह्यातल्या झुडपी जंगलात सोडणे हेच मला योग्य दिसते. एकाच जागी सगळी ओतायची नाहीत, दोन-दोन, तीन-तीन करून पांगवायची. सोडण्याची वेळ तिन्हीसांजेची, म्हणजे घारी आणि कावळे झाडावर गेलेले असतात. त्यांतली किती मोठी होतील हे सांगता येत नाही. मुंगूस, मोर, घोरपड आणि रस्त्यावरची चाके, सगळीच वाटेत उभी असतात.

इकडे घरी डब्यात रिकामी टरफले उरतात. ती मोजायची. अंडी इतकी, फुकट गेली इतकी, पिल्ले इतकी, सोडली अमुक ठिकाणी, हे सारे तारखेसह वनखात्याला कळवायचे. मग डबा साबणाने धुऊन उन्हात वाळवायचा, हीटर पुसून कागदात गुंडाळायचा आणि माठ पालथा घालून माळ्यावर ठेवून द्यायचा.